दगडाचे दुकान आणि दगडाचे संग्रहालय : सिन्नरच्या ‘गारगोटी’च्या निमित्ताने

प्रस्तावना

मराठीत ‘दगड’ हा शब्द बहुधा निंदेसाठी वापरला जातो. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही तो दगड आणि ज्याला पाझर फुटत नाही त्याचे काळीजही दगडाचेच. महाराष्ट्राच्या भूमीचा फार मोठा भाग ज्या काळ्या पाषाणाने बनलेला आहे, त्याच्याविषयी येथील भाषेने अशी अढी बाळगावी, ही काहीशी गमतीची बाब होय. कारण याच काळ्या पाषाणाच्या पोटात जगातील अत्यंत देखणी खनिजे दडलेली आहेत. युरोप-अमेरिकेतील मोठ्या निसर्गविज्ञान संग्रहालयांत ती मानाने मांडलेली आढळतात. ज्या गावच्या खाणीतून ती निघाली त्या गावाला मात्र अनेकदा त्यांचा पत्ताही नसतो.

ही उणीव काही अंशी भरून काढणारे एक ठिकाण नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, सिन्नर येथील औद्योगिक वसाहतीत आहे. के. सी. पांडे यांनी २००१ साली स्थापन केलेले ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय खासगी मालकीचे असून त्याला जोडूनच विक्रीदालनही आहे. (कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याच्या गारगोटी या गावाशी त्याचा संबंध नाही. मराठीत गारेच्या लहान खड्याला गारगोटी म्हणतात, त्यावरून हे नाव आले आहे.) नौदलातील नोकरीनंतर खनिजांच्या संग्रहाकडे आणि व्यापाराकडे वळलेल्या एका व्यक्तीच्या छंदातून ते उभे राहिले. म्हणजे येथे संग्राहक, व्यापारी आणि संग्रहालयाचा संस्थापक एकच आहे.

एकाच छपराखाली एक दगड ‘पाहण्यासाठी’ आणि दुसरा ‘विकण्यासाठी’ ठेवला जातो, तेव्हा त्या दोहोंत नेमका कोणता फरक असतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा फरक सौंदर्याचा नाही, दुर्मीळतेचाही पूर्णांशाने नाही. तो माहितीचा आहे, आणि विशेषतः दगड कोठून आला या एका माहितीचा आहे. हा मुद्दा समजण्यासाठी प्रथम ही खनिजे कशी घडतात ते पाहणे आवश्यक आहे.

काळ्या पाषाणातील पोकळी

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम व मध्य भारतात भूकवचाला पडलेल्या भेगांतून लाव्हाचे लोट एकामागून एक बाहेर पडले. त्यांचे थर एकावर एक साचून जो प्रदेश तयार झाला त्यास ‘दक्षिण ट्रॅप’ असे म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. सह्याद्रीतील डोंगर लांबून पाहिले असता त्यांच्या उतारावर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजेच हे थर होत. आजही या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी २ हजार मीटरहून अधिक भरते. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर आणि नाशिकची पांडवलेणी याच पाषाणातील आहेत.

लाव्हाचा लोट थंड होत असताना त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात. वरचा भाग लवकर घट्ट होत असल्याने पुष्कळसे बुडबुडे तेथेच अडकतात आणि खडकात कुहरे म्हणजे पोकळ्या राहून जातात. त्यामुळे बहुतेक लोटांचा वरचा भाग सच्छिद्र व मधला भाग घट्ट आणि जड असतो. पुढे भूजल या खडकातील सांदींतून झिरपते. त्यात सिलिका, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, ॲल्युमिनियम इत्यादी घटक विरघळतात आणि अनुकूल तापमान लाभले की पोकळीच्या भिंतीवर स्फटिकरूपाने साचू लागतात. ही झाली दुय्यम खनिजे. अनेक पोकळ्यांत भिंतीलगत हिरवट मृत्तिका-खनिजाचा पातळ लेप असतो. त्यावर कॅल्सेडोनी किंवा गार, मग ह्यूलँडाइट व स्टिल्बाइट, त्यानंतर अपोफिलाइट आणि कॅल्साइट असा क्रम अनेकदा दिसतो. तथापि तो सर्वत्र सारखा नसतो, आणि अभ्यासकांना खरा रस या फरकांमध्येच असतो.

यांपैकी बऱ्याच खनिजांचा समावेश झिओलाइट गटात होतो. स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये हे नाव दिले. खनिज तापवले असता त्यातील पाणी वाफ होऊन बाहेर पडते व दगड उकळत असल्याचा भास होतो, म्हणून ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या दोन शब्दांपासून हा शब्द बनवण्यात आला. झिओलाइटच्या संरचनेत सिलिका व ॲल्युमिनाची जाळीदार चौकट असते आणि तिच्यातील सूक्ष्म मार्गिकांत पाणी व धातूंचे आयन सैलपणे राहतात. पाणी निघून गेले तरी चौकट बहुधा टिकून राहते आणि आयनांची अदलाबदल होऊ शकते. या गुणामुळे झिओलाइटे पाणी मृदू करण्यासाठी व खनिज तेलाच्या शुद्धीकरणात वापरली जातात, मात्र उद्योगात लागणारा माल मुख्यतः कृत्रिम रीतीने तयार केलेला असतो. अपोफिलाइट हे झिओलाइटांच्या सोबतीने आढळत असले तरी ते त्या गटात मोडत नाही. विक्रीदालनांत मात्र दोहोंना सर्रास एकच नाव दिले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. लाव्हा थंड होताच ही सर्व खनिजे तयार झाली, असे नाही. पोटॅशियमयुक्त अपोफिलाइटचे वय किरणोत्सर्गी पद्धतीने काढता येते, आणि अशा मापनांत काही स्फटिक त्यांना धारण करणाऱ्या खडकापेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण असल्याचे आढळून आले आहे. म्हणजे खडकातील पाण्याचे अभिसरण लाव्हाप्रपातानंतरही प्रदीर्घ काळ चालू होते. परंतु हे अनुमान काढण्यासाठी अमुक स्फटिक कोणत्या खाणीतील, कोणत्या थरातील, हे ठाऊक असावे लागते. जागा अज्ञात असलेल्या स्फटिकाचे वय अचूक मोजता आले तरी ते वय दख्खनच्या इतिहासात कोठे बसवायचे, ते सांगता येत नाही.

खाणीपासून काचेच्या कपाटापर्यंत

दख्खनमध्ये स्फटिकांसाठी म्हणून सहसा खाण काढली जात नाही. दगडखाणी असतात त्या खडीसाठी. रस्ते, पूल, धरणे आणि इमारती यांच्यासाठी लागणारी खडी ब्रासच्या हिशोबाने विकली जाते आणि कायद्याच्या दृष्टीने हा दगड गौण खनिज ठरतो. सुरुंग उडाल्यावर एखादी पोकळी उघडी पडते. कामगाराच्या नजरेस ती पडली आणि त्याने पहार बाजूला ठेवून छिन्नी हाती घेतली, तर स्फटिक वाचतो. एरवी तो शेजारच्या दगडांबरोबर क्रशरमध्ये जातो व रस्त्याखाली निजतो. आजपर्यंत वाचलेल्या स्फटिकांपेक्षा खडी झालेले स्फटिक कितीतरी अधिक असले पाहिजेत, असे मानण्यास जागा आहे.

दुसरा मार्ग विहिरींचा. शेतात विहीर खोदताना सच्छिद्र थर लागला की पोकळ्या मिळतात, परंतु हाच थर पाणी धरणारा असल्याने काही दिवसांतच त्या पाण्याखाली जातात. राहुरी परिसरात २००० नंतरच्या काळात सापडलेले हिरव्या अपोफिलाइटचे गोलाकार पुंजके जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध पावले, ते अशाच खोदाईतून. त्यांचा हिरवा रंग व्हॅनेडियमच्या अल्पशा अंशामुळे येतो. विहीर बांधून झाल्यावर त्या जागेचा पुन्हा अभ्यास करणे जवळपास अशक्य असते.

तिसरा मार्ग लोहमार्गाचा होता. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील रेल्वेचे काम चालू असताना बोगद्यांच्या खोदाईत उत्तम स्फटिक निघाले आणि त्यांतील पुष्कळ परदेशी गेले. त्याहीपूर्वी, १८३१ मध्ये, सुईसारख्या स्फटिकांच्या एका खनिजाला पुण्यावरून ‘पूनालाइट’ असे नाव देण्यात आले होते. ते खनिज स्वतंत्र नसल्याचे पुढे ठरल्यामुळे नाव मागे पडले. पुण्याचा खनिजशास्त्रातील खरा मान त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी प्रस्थापित झाला. कॅव्हनसाइट हे गडद निळ्या रंगाचे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगन राज्यात सापडले व १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, परंतु तेथील स्फटिक अगदी बारीक होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळच्या वाघोली येथील दगडखाणींत याच खनिजाचे टपोरे, चांदणीसारखे पुंजके मिळाले. तेव्हापासून कॅव्हनसाइट म्हटले की वाघोली, असे समीकरण रूढ झाले आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांच्या नावांतील अक्षरे जोडून बनवलेले हे नाव वाघोलीच्या किती ग्रामस्थांना ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

या साखळीतील पहिला दुवा असलेला दगडफोड्या, म्हणजे बहुधा पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आलेल्या वडार समाजातील किंवा अन्य कष्टकरी वर्गातील माणूस, स्फटिक पारखण्यात निष्णात होतो. कोणती पोकळी हातोड्याने फोडावी व कोणती भोवतालच्या दगडासह अलगद काढावी, हे त्याला पुस्तकाशिवाय कळते. त्याच्याकडून स्थानिक खरेदीदार, तेथून मोठा व्यापारी, मग निर्यात किंवा एखादे विक्रीदालन असा दगडाचा प्रवास होतो. प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते आणि माहिती कमी होते. कारण उघड आहे. चांगला माल कोठे मिळाला हे सांगणे म्हणजे स्पर्धकाला वाट दाखवणे. म्हणून ठिकाण गुप्त ठेवले जाते, मोघम सांगितले जाते किंवा क्वचित जाणूनबुजून चुकीचेही सांगितले जाते. ‘जळगाव’, ‘नाशिक’, ‘पुणे’ ही नावे व्यापारात एखाद्या खाणीची नव्हे तर सबंध टापूची निदर्शक होऊन बसली आहेत.

दुकान आणि संग्रहालय : जुने नाते

संग्रहालयाने व्यापारापासून दूर राहावे, अशी आधुनिक व्यावसायिक नीतीची अपेक्षा आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची नीतिसंहिता १९८६ मध्ये स्वीकारली गेली आणि २००४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. संग्रहालयातील व्यावसायिकांनी नैसर्गिक वा सांस्कृतिक वारशाच्या नफ्यासाठी होणाऱ्या खरेदीविक्रीत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष भाग घेऊ नये, असे तीत नमूद आहे. या निकषावर दुकानवजा संग्रहालय सकृद्दर्शनी सदोष ठरते. कोणता नमुना कायम ठेवायचा आणि कोणता विकायचा याचा निर्णय एकच व्यक्ती घेत असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष टाळता येत नाही.

परंतु निसर्गविज्ञानाच्या इतिहासाकडे पाहिले असता हा आक्षेप पूर्णपणे मान्य करणे कठीण जाते. जर्मनीत १८३३ मध्ये सुरू झालेल्या क्रांट्झ या खनिजविक्रीच्या पेढीने अनेक विद्यापीठांना अध्यापनासाठी नमुनासंच पुरवले. अमेरिकेत हेन्री वॉर्ड यांनी रॉचेस्टर येथे १८६२ मध्ये अशीच संस्था काढली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडलेला त्यांचा संग्रह विकत घेण्यात आला आणि तेथील फील्ड संग्रहालयाच्या आरंभीच्या भांडवलाचा तो मोठा भाग ठरला. म्हणजे एका दुकानाचा मालच पुढे संग्रहालय झाला.

याहून बोलके उदाहरण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या गावचे आहे. मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) ही सुताराची मुलगी समुद्रकाठच्या कड्यांतून जीवाश्म काढून लहानशा दुकानात विकत असे. तिने शोधलेल्या इक्थिओसॉर व प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपांच्या सांगाड्यांनी पुराजीवशास्त्राला दिशा दिली. विद्वान मंडळी तिच्या दुकानात येत, सॅक्सनीचा राजा १८४४ मध्ये येऊन गेला. परंतु संग्रहालयांत त्या सांगाड्यांखाली नाव लागले ते विकत घेणाऱ्याचे वा देणगीदाराचे. लाइम रीजिसचे संग्रहालय आज तिच्या जन्मघराच्या व पहिल्या दुकानाच्या जागेवरच उभे आहे. दख्खनच्या स्फटिकांना असे दुकान, अशी नोंद आणि असा मान मिळावयाचा अद्याप राहिला आहे.

तेव्हा व्यापार असणे हाच दोष आहे असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात तर परिस्थिती अशी आहे की व्यापाऱ्याने किंमत दिली नसती तर दगडफोड्याने छिन्नी हाती घेतली नसती. स्फटिक वाचतो तो बाजारामुळे. विद्यापीठांचे भूशास्त्र विभाग प्रत्येक सुरुंगानंतर प्रत्येक खाणीत हजर राहू शकत नाहीत आणि शासनाकडेही तशी यंत्रणा नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसास्थळे व भू-अवशेष यांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला होता. तथापि चालू खडीखाणीत अचानक उघडणारी आणि दुपारपर्यंत नाहीशी होणारी पोकळी अशा कायद्याच्या कक्षेत कशी आणावयाची, हा प्रश्न सोपा नाही. स्थळ म्हणून घोषित करावे तर ते स्थळच उरत नाही.

नामपट्टीचा प्रश्न

अशा स्थितीत दुकानवजा संग्रहालयाचे मोल कशावर ठरावे? भव्य काचपेट्या, प्रकाशयोजना आणि मोठ्या आकाराचे नमुने यांनी अभ्यागत भारावून जातो हे खरे आहे. सिन्नर येथे दख्खनच्या पठारावरील खनिजांबरोबरच अन्यत्रची खनिजे, रत्ने व जीवाश्मही मांडलेले आहेत, आणि शाळकरी मुलांना काळ्या दगडाच्या पोटात एवढा रंग असतो हे प्रथम तेथेच कळते, हे कार्य लहान नव्हे. परंतु संग्रहालय या नात्याने त्याची खरी कसोटी नमुन्याखालच्या नामपट्टीत आहे.

आदर्श नामपट्टीवर खनिजाचे नाव, सोबतच्या खनिजांची नावे, खाण वा विहीर, गाव, तालुका, जिल्हा आणि सापडल्याचे वर्ष एवढे असावे. यांतील पहिली गोष्ट प्रयोगशाळेत केव्हाही पुन्हा ठरवता येते. शेवटच्या गोष्टी एकदा हरवल्या की कायमच्या हरवतात. ‘स्टिल्बाइट, महाराष्ट्र’ अशी पट्टी म्हणजे जन्मगाव ‘भारत’ असे लिहिलेल्या दाखल्यासारखी होय. मुंबईतील कांदिवली व मालाड आणि पुण्यातील पाषाण येथील खाणींनी एकेकाळी नामांकित नमुने दिले. शहरे वाढली तशा या परिसरांत इमारती आल्या. त्या खडकाविषयी काही जाणून घ्यावयाचे असेल तर जगभर विखुरलेले नमुने आणि त्यांच्या पट्ट्या एवढेच साधन उरते.

जुन्या पट्ट्या वाचण्यातही मौज आहे. परदेशी संग्रहालयांच्या सूचीत आढळणारे ‘पांडुलेना’ हे गाव नकाशावर शोधणारा अभ्यासक चक्रावून जातो. ते म्हणजे नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या डोंगरालगतची दगडखाण. हिरवे अपोफिलाइट व पॉवेलाइट यांसाठी ती प्रसिद्ध आहे. हे मराठी वाचकाला क्षणात उमगते. दख्खनच्या खनिजांच्या नोंदी दुरुस्त करण्याच्या कामी स्थानिक भाषा जाणणारा माणूस किती उपयोगी पडू शकतो, याचे हे छोटेसे उदाहरण आहे.

किंमत आणि माहिती यांची दिशा पुष्कळदा परस्परविरुद्ध असते. खरेदीदाराला स्वच्छ, अखंड, सुटा स्फटिक हवा असतो, म्हणून मागचा काळा खडक छाटून टाकला जातो. अभ्यासकाला नेमका तो खडक हवा असतो, कारण कोणत्या थरात, कोणत्या लेपावर, कोणत्या क्रमाने स्फटिक वाढला हे त्यावरून कळते. संग्रहालयाच्या कपाटात खडकासह ठेवलेला काहीसा ओबडधोबड नमुना दिसला, तर तो तेथे विचारपूर्वक ठेवला आहे असे समजण्यास हरकत नाही.

अभ्यागताची नजर

भूशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भूगोल या विषयांच्या विद्यार्थ्यांची सहल अशा ठिकाणी नेली जाते तेव्हा संग्रहालय पाहून झाल्यावर विक्रीदालनात केवळ खरेदीसाठी घाई करण्याची रीत आहे. वस्तुतः अध्यापनासाठी विक्रीदालन अधिक सोयीचे असते, कारण तेथे (परवानगीने) नमुना हातात घेता येतो. रंगहीन अपोफिलाइट व गार यांत नवशिक्याची गल्लत होते. गारेच्या स्फटिकाचा आडवा छेद षट्कोनी असून त्याच्या बाजूंवर आडव्या रेषा असतात, तर अपोफिलाइटचा छेद चौकोनी, रेषा उभ्या आणि माथ्याच्या सपाट पृष्ठावर मोत्यासारखी चमक असते. गारेची कठिनता ७ असल्याने ती चाकूने ओरखडत नाही. अपोफिलाइटची साडेचार ते पाच असल्याने ते ओरखडते, शिवाय त्याचे एका दिशेतील पाटन इतके पूर्ण असते की जोराचा धक्का लागल्यास थर सुटून येतो. अर्थात विकाऊ नमुन्यावर चाकू चालवू नये, हे सांगणे नलगे. स्टिल्बाइट मधोमध बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारख्या आकारामुळे ओळखू येते. स्कोलेसाइट व मेसोलाइट यांच्या बारीक सुयांचे पंखे असतात. ओकेनाइटचे पांढरे गोळे शेवरीच्या कापसासारखे मऊ भासतात आणि त्यांना बोट लावण्याचा मोह आवरत नाही, परंतु एकदा दबलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत.

ओकेनाइटच्या बाबतीत फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार आहे. हे खनिज पांढरे असते, बाजारात मात्र गुलाबी, निळे व जांभळे गोळे मिळतात. ते रंगवलेले असतात. भडक एकसारख्या रंगाचे अकीकाचे काप बहुधा रंगवलेलेच असतात. विक्रीस असलेले बरेचसे पिवळे ‘सिट्रिन’ हे भट्टीत तापवलेले ॲमेथिस्ट असते आणि इंद्रधनुषी पायऱ्यांचे बिस्मथ स्फटिक कारखान्यात वाढवलेले असतात. कॅव्हनसाइटचा पुंजका दुसऱ्याच दगडावर चिकटवून विकल्याचीही उदाहरणे आहेत. भिंगाखाली जोडाची रेषा व गोंदाची चमक दिसते. यांतील काही प्रकार उघडपणे सांगून विकले गेले तर त्यांत गैर काही नाही, आक्षेप न सांगण्याला आहे. आरोग्य, ऊर्जा, ग्रहपीडा इत्यादींच्या नावाने स्फटिक विकण्याची प्रथा अलीकडे फोफावली आहे. तिला शास्त्रीय आधार नाही, एवढे नोंदवून पुढे जाणे बरे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने एक व्यावहारिक बाब उरते. अनेक जुन्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांत लाकडी कपाटे भरून नमुने आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या वाळवीने, दमटपणाने किंवा स्थलांतरात नाहीशा झाल्या आहेत आणि एकापुढे एक मांडलेले सुंदर दगड आता कोठलेच नाहीत. नवीन खरेदी करताना विक्रेत्याकडून पावतीवरच ठिकाण लिहून घ्यावे. विक्रेता जिल्ह्याचे नाव सांगेल, तर तालुका व गाव विचारावे आणि त्याने तेही सांगितले तर खाण की विहीर हे विचारावे. ठिकाण सांगण्यास नकार मिळाल्यास ‘विक्रेत्याने सांगितले नाही’ अशीच नोंद करावी, अंदाजाने गाव घालू नये. नमुन्याच्या मागील बाजूस काळ्या खडकावर पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका देऊन त्यावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक नोंदवहीत ठिकाण, तारीख, विक्रेता व किंमत यांसह घालावा. चिठ्ठी उडून जाते, दगडावरचा क्रमांक राहतो. नोंदवहीत आणखी एक रकाना आखणे शक्य आहे. प्रत्यक्ष खाणीत तो दगड ज्याने काढला त्याचे नाव विक्रेत्याला बहुधा ठाऊक असते, आणि त्याची हरकत नसल्यास विचारल्यावर तो ते सांगतोही.